फादर चाकोंचा उन्हाळा

होळी होऊन गेली की आमच्या जळगावच्या कॉलनीतली दारं सकाळीच लागू लागतात. खिडक्यांना वाळ्याचे पडदे चढतात, कूलर घरघरू लागतात, आणि रस्त्यावर एखादं कुत्रं तेवढं सावली हुंगत फिरताना दिसतं. आमच्याकडच्या उन्हाला माणसं शिव्या देतात, पारा किती चढला ते एकमेकांना थोडं अभिमानानंच सांगतात. मला ऊन सोसतं. सोसत नाही ती भर दुपारची शांतता. बारा वाजून गेल्यावर गल्लीत कुणाचा आवाज येईनासा झाला, झळांमध्ये समोरची भिंत हलल्यासारखी दिसू लागली, की मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहते. मुलगा म्हणतो, आई, बीपी तपासून घे. तपासते. बीपी ठीक असतं.

या भीतीला ऋतू आहे. चैत्रात ती येते आणि पहिला गार वारा सुटेपर्यंत मुक्कामाला राहते. मधल्या साथीच्या वर्षांत सगळीकडेच दारं बंद झाली, माणसं एकमेकांकडे खिडकीतून बघू लागली, तेव्हा ती वर्षभर राहिली. पण तिचं मूळ फार जुनं आहे. मी नुकती आई झाले होते, त्या काळातलं.

माझं माहेर धुळ्याकडचं, सोनगीरचं. किल्ल्याच्या पायथ्याचं उघडं, कोरडं गाव. हायवेवरून ट्रक गेला की फळीवरची पितळेची भांडी थरथरायची. तिथं लपायला जागाच नव्हती, त्यामुळे भ्यायलाही कारण नव्हतं. लग्न होऊन फैजपूरजवळच्या एका खेड्यात आले आणि पहिल्यांदा घाबरले ती केळीच्या मळ्याला. बाहेर रणरणतं ऊन आणि आत चार पावलं टाकली की हिरवा अंधार. वारा नसतानाही कुठलंतरी पान फाटत असायचं, आणि तो आवाज अगदी माणसाच्या चालण्यासारखा वाटायचा. माझे सासरे, नाना, हसायचे. म्हणायचे, विमल, केळीचं झाड एकटं कधी नसतं, त्याच्या पायाशी पिल्लं असतात, त्याला काय भ्यायचं.

नाना शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. मळा गड्यांवर सोपवून ते जुन्या पोथ्या वाचत बसत. एकदा ते एरंडोलजवळ पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला गेले, आणि तिथून एका माणसाला बरोबरच घेऊन आले. देवळाच्या पायरीवर तो डोळे मिटून बसला होता म्हणे. भगवी कफनी, गळ्यात दोऱ्यात ओवलेला लाकडी क्रूस. नानांनी विचारलं, आत का जात नाही? तो म्हणाला, कुणी बोलावलं तर जाईन. नानांनी हात धरून आत नेलं.

हे फादर चाको. केरळचे. त्यांच्या मठानं त्यांना हिंदू माणसांमध्ये राहून त्यांचा देव समजून घ्यायला पाठवलं होतं, निदान ते स्वतः तसं सांगत. नानांनी त्यांना मळ्यातली विहिरीजवळची खोली दिली. पहाटे ते विहिरीच्या कठड्यावर तोंड पूर्वेला करून बसत. खोलीत एक समई, एक क्रूस आणि ताटलीत दोन जास्वंदी. मराठी ते नाशकाला शिकले होते, पुस्तकातलं. "ताई, मला किंचित मीठ प्राप्त होईल का?" असं विचारत. मी हसू दाबत मीठ देई.

गावाला त्यांचं काय करावं ते कळेना. कोणी फादर म्हणे, कोणी स्वामी. पोरांनी चाकोचं चाकू केलं. त्यांच्या चेहऱ्यावर लहानपणच्या देवीचे खोल वण होते, आणि तो चेहरा भगव्या कपड्यात संध्याकाळच्या उजेडात अचानक समोर आला की मोठी माणसंही दचकत. मग आया रडणाऱ्या पोरांना सांगू लागल्या, गप्प बस, नाहीतर चाकूबाबा येईल. मीही माझ्या शकूला एकदा तसं म्हणाले होते. ती तेव्हा जेमतेम बोलू लागली होती.

त्या थंडीत रोज संध्याकाळी नाना आणि फादर ओट्यावर बसत. मी आत तूर निवडत ऐकायची. देव एक की अनेक, असल्या वादात ते फारसे पडत नसत. एकदा मात्र भीतीवर बोलणं निघालं आणि ते पुष्कळ दिवस चाललं. नानांचं म्हणणं, आपल्याहून वेगळा कुणी आहे असं वाटतं तोवर माणूस भीत राहणार. सगळं एकच आहे हे उमगलं की भ्यायला कोण उरलं? फादर म्हणत, समोरचा वेगळा आहे आणि वेगळाच राहणार, पण त्याच्यावर जीव जडला की भीती सरते. दोघंही एकमेकांचं कौतुकानं ऐकून घेत. मला तेव्हा दोन्ही पटायचं. ओट्यावर बसून बोलताना बहुतेक सगळं पटतं.

चैत्रात गावात देवी आली.

आजच्या मुलांना हे सांगावं लागतं, की देवी म्हणजे रोग होता आणि देवीसुद्धा होती. अंगावर फोड उठले की घरात ती पाहुणी आली असं मानत. दाराला कडुनिंब बांधायचा, चपला बाहेर काढायच्या, फोडणी घालायची नाही, कारण तेलाचा चरचर आवाज तिला खपत नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. पोराला निंबाच्या पाल्यावर निजवायचं आणि वाट बघायची. पहिल्यांदा वरच्या आळीतला एक मुलगा गेला. मग एकाच घरातली दोन भावंडं. दुपारी गल्लीत पाऊल वाजेना. विहिरीवर बायका बोलेनाशा झाल्या, नुसत्या कोणाच्या दाराला पाला बांधलाय ते बघत परत जायच्या.

माणसाला कारण लागतं. ते मळ्यात राहतच होतं. बाटवणारा आला म्हणून देवी कोपली, असं आधी कुजबुजीत निघालं, मग उघड. कोणी सांगितलं, हा मरणाऱ्या पोरांच्या कपाळावर पाणी घालतो, मंत्र म्हणतो, आणि ते पोर त्यांच्या देवाचं होतं. शेजारच्या मळ्याचे गणपतभाऊ एकदा ओट्यावर येऊन न बसताच बोलले. ते वाईट माणूस नव्हते. आमच्या लग्नात त्यांनी आठवडाभर राबून मांडव घातला होता. नानांना ते म्हणाले, "त्याले वाटेले लावा नाना. गाव माह्यं ऐकते तोवर ठीक हाये."

नानांनी त्यांना समजावून परत पाठवलं. माझ्या आईनं सोनगीरहून येणाऱ्या माणसाबरोबर निरोप धाडला, "पोरले लई ये, आठे काही नही शे." पोरीला घेऊन ये, इकडे साथ नाही. मी शकूचे कपडे बांधायला घेतले आणि तिला उचललं, तर तिचं अंग तव्यासारखं तापलेलं होतं. आदल्या वर्षी लस टोचणारे गावात आले, तेव्हा मी तिला घेऊन माहेरी होते. ताप चढला आणि मग तिच्या ओठांच्या आत, तळहातांवर, पापण्यांवर फोड उठले.

घरात आम्ही तिघंच. माझे यजमान केळीच्या वॅगनबरोबर उत्तरेकडे गेलेले, त्यांना कळवणार कुठं? सासूबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणत असू, रोज अनवाणी देवीच्या देवळात जाऊन तीर्थ आणत. आणि नाना त्या खोलीत येतच नव्हते. दारापर्यंत येत, चौकट धरत, आणि परत फिरत. मला राग येई. पुढे अक्कांनी सांगितलं, त्यांची थोरली मुलगी अशाच उन्हाळ्यात, याच खोलीत गेली होती. त्या सगळ्या गोष्टी थंडीत बोललेल्या नानांना माझ्या लेकीकडे बघवत नव्हतं.

एका सकाळी फादर मागच्या दाराशी येऊन उभे राहिले. मळ्यातून गावात यायची त्यांना बंदीच झाली होती जवळजवळ. चपला बाहेर काढल्या होत्या. मी आत यावं का, असं त्यांनी अक्कांना विचारलं. म्हणाले, मला हा रोग पुन्हा होणार नाही. ताईंना थोडी झोप मिळेल. अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या, जणू आज पहिल्यांदाच तो चेहरा नीट बघत होत्या. देवी आलेल्या घरात परका माणूस घ्यायचा नसतो. मला वाटलं, आता या त्यांना घालवून देतील.

"येऊ दे त्याले," अक्का मला म्हणाल्या. "देवी त्याच्या आंगातून जायेल हाये. तो तिले परका नही."

मग ते रोज येऊ लागले. निंबाच्या फांदीनं शकूला वारा घालत. तिच्या पापण्या चिकटून गेल्या होत्या, तिला दिसत नव्हतं. रडली की ते त्यांच्या भाषेतलं काहीतरी गुणगुणत. अक्का बाजूला बसून देवीची गाणी पुटपुटत. दोन भाषांतले ते दोन आवाज एकाच लयीत चालायचे, आणि मध्ये माझी पोर श्वास घ्यायची. थंडीतल्या सगळ्या संवादापेक्षा मला हा आठवतो.

पण भीती गेली नव्हती. तिनं फक्त घर बदललं होतं. आता मी फादरांच्या हातांकडे बघत बसे. वीज चमकावी तसा मनात विचार येई, की हा खरंच थांबलाय कशासाठी? डुलकी लागली की दचकून जागी होई आणि आधी शकूचं कपाळ ओलं आहे का ते चाचपून बघे. एका दुपारी राहवलं नाही. मी विचारलं, "तुम्ही तिच्यावर पाणी घालणार नाही ना?"

त्यांना राग आला नाही. वारा घालणं मात्र थांबलं.

"तुम्ही विचारलंत ते बरं झालं," ते म्हणाले. "माझी धाकटी बहीण अशीच गेली. तिच्या कपाळावर पाणी घातलं होतं, म्हणून माझी आई शांत झाली. मला लहानपणापासून हेच शिकवलंय. अशा आजारी पोराजवळ पाण्याचं भांडं असलं की माझा हात आपोआप तिकडे जाईल, ही मला भीती वाटते, ताई. म्हणून मी या घरात पाण्याला हात लावत नाही. तिला तुम्हीच पाजा."

तेव्हा मला उमगलं, की सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या भट्टीसारख्या खोलीत बसूनही या माणसानं आमच्याकडे कधी पाणी मागितलं नव्हतं.

मग ती दुपार आली. अक्का देवळात गेल्या होत्या. मी किती रात्री झोपले नव्हते कोण जाणे. शकूला पाणी पाजायला उठले आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं. भिंतीशी खाली घसरले. शुद्ध होती, पण हात उचलेना, जीभ हलेना. शकू ओरडू लागली. "पानी, पानी." फादरांनी मला हाक मारली. दोनदा मारली. मग ते त्या तांब्याकडे बघत राहिले. एका माणसाच्या चेहऱ्यावर इतकी भीती मी त्यानंतर पाहिलेली नाही. त्यांचे ओठ हलू लागले. त्यांनी तांब्या उचलला, कापसाचा बोळा भिजवला आणि तिच्या तोंडात थेंब थेंब पिळला. फोडांवरून पाणी ओघळलं ते त्यांनी बोटांनी टिपलं, आणि तो ओला हात तिच्या तापलेल्या कपाळावर ठेवला.

नेमके त्याच वेळी दारात गणपतभाऊ उभे होते, मागे आळीतली चार माणसं. ते नानांशी शेवटचं बोलायला आले होते.

कोणी आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर बरं, असं मला वाटलं. माणसं वाढत गेली, अंगण भरलं, तरी आवाज नाही. देवी आलेल्या घरात मोठ्यानं बोलत नाहीत, तो नेम त्यांनी तेव्हाही पाळला. फादरांना अंगणात बोलावलं. ते गेले आणि उन्हात उभे राहिले, अनवाणी. नाना त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. एकानं माझ्या तोंडावर पाणी मारलं, मला बसतं केलं. गणपतभाऊंनी हळू आवाजात विचारलं, त्यानं काय मंतर म्हटला, तू ऐकलास?

मी खरं तेच सांगितलं. ओठ हलत होते, काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. माझ्या बोलण्यानं अंगणातली हवा आणखी जड झाली. कुणीतरी मागे मळ्यातल्या खोलीचं नाव काढलं, कुणीतरी रॉकेलचं.

तेवढ्यात अक्का आल्या. हातात तीर्थाचा गडू. गर्दीनं वाट दिली. काय झालं ते त्यांना कोणीतरी कानात सांगितलं. त्या सरळ फादरांसमोर गेल्या आणि गडू पुढे केला.

"हे देवीचं तीर्थ हाये," त्या म्हणाल्या. "माह्या नातीनं तुह्या हातचं पानी घेतलं. तू तिच्या देवीमायचं घे."

मला आजही नक्की सांगता येत नाही, की अक्का त्यांना वाचवत होत्या की पारखत होत्या. कदाचित दोन्ही. अंगणातली सगळी माणसं फादरांच्या हातांकडे बघत होती, जशी मी इतके दिवस बघत होते. ते हात पुढे झाले. उजव्या तळहाताचा द्रोण, खाली डावा तळवा, जसं आपण घेतो तसं. अक्कांनी तीर्थ घातलं. ते प्याले. उरलेला ओलावा त्यांनी डोळ्यांना लावला.

माणसं एकेक करून गेली. गणपतभाऊ सगळ्यांत शेवटी, खाली मान घालून गेले. गावानं फादरांना माफ केलं असं मी म्हणणार नाही. करायला जे निघाले होते ते करायचं कारण तेवढं हातातून निसटलं होतं.

शकूचा ताप पुढे उतरला. खपल्या धरल्या. एक डोळा उघडला, दुसरा कायमचा गेला. तरीही ती जगली. आज ती धुळ्याला असते, तिच्या नातवंडांना दटावताना तिचा आवाज फोनवरही मोठा येतो.

पण तीर्थाची बातमी पसरली, आणि फादरांच्या वरच्या लोकांपर्यंत गेली. इकडच्यांना वाटत होतं हा बाटवतो. तिकडच्यांना कळलं हाच बाटला. एका सकाळी मळ्याच्या वाटेनं एक जीप आली. त्यांना दक्षिणेकडच्या मठात परत बोलावलं होतं. निघण्याआधी ते शकूला भेटायला आले, मागच्याच दारानं. मी त्यांना पहिल्यांदा स्वतःहून पाणी दिलं आणि मग विचारलं, त्या दिवशी तुमचे ओठ काय म्हणत होते?

"मी म्हणत होतो, देवा, हे फक्त पाणीच राहू दे."

आणि अक्कांचं तीर्थ? ते भिऊन घेतलंत का?

त्यांनी विचार केला. घाईनं उत्तर द्यायची त्यांना सवय नव्हती. "हात भीतीनं पुढे केला, ताई. खोटं कशाला सांगू. पण पाणी गार होतं आणि मला फार तहान लागली होती. पिताना मी फक्त प्यालो." मग भांडं परत देत म्हणाले, "हे मी आमच्या मोठ्या फादरांनाही असंच सांगणार आहे. त्यांना ते पुरेसं वाटणार नाही."

वाटलं नसावं. ते परत आले नाहीत. नानांनी पुष्कळ वर्षं त्यांच्याविषयी विचारपूस केली. कोणी सांगे ते शिकवायला आहेत, कोणी सांगे मौनात आहेत. ते गेले त्या संध्याकाळी नाना पहिल्यांदा शकूच्या खोलीत आले. माझ्या हातातली निंबाची फांदी घेतली आणि वारा घालत बसले. थंडीत केलेल्या त्या चर्चेतलं त्यांना काय आठवत होतं, मी विचारलं नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण ते तिथं होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वादळ झालं. आमच्याकडे मृग लागायच्या आधी असा वारा सुटतो की घडांनी लगडलेल्या केळी मुळापासून आडव्या होतात. दुपारी आकाश पिवळं पडलं, आणि वारा थांबला तेव्हा सगळा मळा जमिनीवर होता. ज्या हिरव्या अंधाराला मी इतकी भ्यायचे तो नाहीसाच झाला. विहिरीपासून थेट सातपुडा दिसू लागला.

शकूला कडेवर घेऊन मी बांधावर उभी होते. नाना मोडलेल्या झाडांमधून वाट काढत होते. तेवढ्यात गणपतभाऊ आले. त्यांचाही मळा आडवा झाला होता. चेहरा राखेसारखा. ते बांध उतरून नानांजवळ गेले आणि म्हणाले, "नाना, गाव म्हने, साधू मानसाले घालवलं म्हनून हे झालं. त्याले परत बोलवा."

नानांनी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं ते चिडतील. पण ते एका पडलेल्या खोडावर बसले आणि गणपतभाऊंनाही शेजारी बसवलं.

"गणपत," ते म्हणाले, "तो आला म्हनून देवी आली, गेला म्हनून वारा आला. एवढं त्याच्या हातात असतं, तर तो आपल्या घरात तहानेला बसला असता का?"

गणपतभाऊ जमिनीवर पडलेल्या हिरव्या घडांकडे बघत बसले. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली, माझ्या कडेवरच्या शकूकडे, तिच्या खपल्यांनी भरलेल्या चेहऱ्याकडे. त्यांनी नजर काढून घेतली नाही.

"पोरगी कशी हाये आता?" त्यांनी विचारलं.

त्या अख्ख्या उन्हाळ्यात गावातल्या कुणी हे विचारलं नव्हतं.